उताराला लागलेली बातमी

कुबातच्या गाडी चालवण्याबद्दल कारा-बाल्टा गावात कुणाचंच मत चांगलं नव्हतं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट मत खुद्द कुबातचं होतं. "पुढे जाणं मला झकास जमतं," तो सांगायचा, "थांबायचं तेवढं कुणीतरी बघायला हवं." लोक हसायचे, तोही हसायचा. हसून झालं की गाडीत बसून पुन्हा तसाच सुटायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

गाडी जपानहून आलेली, आपोआप गिअर बदलणारी. तिचं स्टिअरिंग उजवीकडे आणि इथला रस्ताही उजव्या हाताचा. त्यामुळे पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसायचंच नाही. ते बघायला शेजारी बायको लागायची. बुरुल डावीकडे बसून "जा" म्हणाली की कुबात जायचा, आणि "मरायचंय का?" म्हणाली की राहायचा. बिश्केकच्या गाडीबाजारात विकणाऱ्याने गिअरच्या दांडीजवळची अक्षरं त्याला उभ्या उभ्या शिकवली होती. "हे पुढे जायचं, हे मागे जायचं, हे उभं करायचं. हे मधलं न्यूट्रल, उताराला टाक, पेट्रोल वाचतं. सगळ्यात खालची दोन सोडून दे, ती जपानी लोकांच्या बर्फासाठी असतात." किल्ली फिरवली की गाडीतली एक बाई जपानीत काहीतरी लांबलचक सांगायची. काय सांगते ते गावात कुणालाच कळत नव्हतं. कुबात तिला दर वेळी "हो बाई, बघतो" म्हणायचा आणि निघायचा.

नवी असताना हीच गाडी तो सासऱ्यांना दाखवायला घाटापलीकडे सुसामिरच्या उन्हाळी कुरणावर घेऊन गेला होता. इदिरिस आके आपल्या यूर्तबाहेर, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूबाहेर, उभे होते. वडीलधारा माणूस समोर उभा आणि जावई बसल्या जागेवरून सलाम करतोय, हे तर घराण्याच्या अब्रूचं काम. कुबात गाडी थांबवून टुणकन उतरला, दोन्ही हात पुढे केले आणि कमरेत वाकला. घोड्यावरून उतरलं की घोडा उभा राहतो, ही त्याच्या सात पिढ्यांची समजूत. गाडी उभी राहिली नाही. दांडी 'पुढे जा'वरच राहिली होती आणि गाडी पडली आज्ञाधारक. ती सावकाश, अगदी अदबीने निघाली. सासरे जावयाचे हात हातात घेऊन "प्रवास बरा झाला ना?" असं विचारत होते, तोवर ती उतारावर बांधलेल्या घोडीपाशी पोचलीसुद्धा.

घोडीचा पाय मोडला, तिला कापावं लागलं. बायको गेल्यानंतर इदिरिस आके माणसांपेक्षा त्या घोडीशीच जास्त बोलायचे. संध्याकाळी सगळे जेवले, ते जेवले नाहीत. सकाळी त्यांनी जावयाला बाहेर बोलावलं. "ज्याला आपलं वाहन धरून ठेवता येत नाही, त्याने माझ्या दारात येऊ नये. मीही तुझ्या दारात येणार नाही." एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुबातला तेव्हाही वाटलं आणि पुढे दोन वर्षं वाटत राहिलं. बुरुल उन्हाळ्यात एकटीच बसने बापाकडे जायची, येताना वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी आणायची. कुबात त्या गोळ्या चघळायचा. त्याला त्या जरा जास्तच खारट लागायच्या.

मग लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, जुलैतल्या एका सकाळी, बुरुल बाळंत झाली.

बाळंतिणींच्या इस्पितळात पुरुषांना आत सोडत नाहीत. नवऱ्यांनी खाली आवारात उभं राहायचं आणि बायकांनी वरच्या खिडकीतून बोलायचं. कुबात खाली उभा होता. शेजारी त्याचा साडू एर्मेक बायकोने दिलेल्या मटणाच्या रश्शाचा थर्मास पोटाशी धरून उभा होता. एर्मेक अंगाने गोल, स्वभावाने सबुरीचा. त्याच्याकडे हिरव्या रंगाची एक जुनी रशियन जीप होती आणि ती तो चालवायचा कमी, फिरायला जास्त न्यायचा.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. बुरुलने गाठोडं वर धरलं.

"मुलगी आहे! नाक माझ्या बाबांचं आहे!"

"तू कशी आहेस?" कुबात ओरडला. त्याचा आवाज मध्येच फाटला.

"मला काय धाड भरलीय! रडत काय बसलास, बाबांना सांगायला जा! तिकडे फोन लागत नाही. तू आधी जा, सुयुंचू माग, आणि सुयुंचूत माफी माग! त्यांना नाही म्हणता येणार नाही! बाबा आल्याशिवाय मी हिचं नाव ठेवणार नाही, सांग त्यांना! आणि हळू जा!"

आनंदाची बातमी सगळ्यात आधी नेणाऱ्याने "सुयुंचू!" म्हणून ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने तो मागेल ते द्यायचं. ही रीत मोडणारा माणूस अजून या मुलखात जन्मायचा आहे. बुरुलचा बेत फक्कड होता. एवढंच की तो सगळ्या आवाराने ऐकला.

एर्मेकने थर्मास शेजारच्या बाईच्या हातात दिला. "अभिनंदन, साडूभाऊ. तू इथंच थांब. बायकोला काही लागलं सवरलं तर आपलं माणूस जवळ हवं. आकेंना मी सांगतो."

"तुला रे काय एवढं पडलंय?"

"मला त्यांचं ते पिवळं शिंगरू हवंय. कधीचा मागतोय, हसण्यावारी नेतात. सुयुंचू म्हटल्यावर कुठे जातील?"

"अरे, मला माफी मागायचीय!"

"माफी काय, पुढच्या पोराच्या वेळी माग. शिंगरू तोवर मोठं होईल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही पळत सुटले. इस्पितळाच्या खिडक्यांतून बायका हसत होत्या. त्यातला एक आवाज बुरुलचा असावा, कारण तो हसत नव्हता.

कुबातने गाडी काढली. बाई बोलली, तो "हो बाई" म्हणाला आणि गाव मागे पडलं. आज डावीकडे बुरुलच्या जागेवर तिच्यासाठी घेतलेला आणि घाईत द्यायचा राहून गेलेला मिठाईचा खोका बसला होता. चढ लागताच पुढे गवताचा ट्रक आला. रस्त्याहून रुंद, आणि मुंगीच्या पावलांनी चाललेला. "जाऊ का?" कुबातने खोक्याला विचारलं. खोका गप्प राहिला. मौन म्हणजे संमती, असं धरून कुबातने गाडी बाहेर काढली आणि समोर कलिंगडांचा ट्रक पाहिला. तो इतका जवळ होता की वरच्या कलिंगडांवरचे पट्टेसुद्धा दिसले. कुबात कसाबसा आत घुसला. कलिंगडवाल्याने जाता जाता त्याच्या सात पूर्वजांचा उद्धार केला. आपल्या सात पूर्वजांची नावं प्रत्येकाला पाठ असावी लागतात, पण ती अशी ओळीने ऐकण्याची वेळ कुबातवर पहिल्यांदाच आली.

आपण मेलो असतो तर त्या पोरीला बापही नसता आणि नावही नसतं, हे त्याच्या मनात लख्ख आलं. आता हळू जायचं, असं त्याने मनाशी पक्कं ठरवलं आणि एक वळण तो खरोखरच हळू गेला. मग आरशात खाली कुठेतरी हिरवं काही हललं. ते झुडूप होतं, पण तोवर पाय दाबला गेला होता.

माथ्यावरचा बोगदा धुराने भरलेला. तो पार करून पलीकडे उजेडात आला तेव्हा खाली सुसामिरचं हिरवं खोरं पसरलेलं, आणि पुढे सगळा उतार. कुबातने दांडी न्यूट्रलवर टाकली. इंजिन गप्प झालं, गाडी हलकी झाली, वारा कानात शिरला. असं उतरताना त्याला नेहमीच आपण फार हुशार माणूस आहोत असं वाटायचं. वळण आलं की ब्रेक, वळण गेलं की सोड, पुन्हा ब्रेक. पेट्रोल वाचत होतं. तोंडाने तो माफीचं वाक्य घोकत होता. "आके, माझं चुकलं, मला माफ करा." फार मोठं नको, फार लहानही नको. एका वळणावर त्याने "माफ करा"च्या आधी "कृपा करून" घातलं, पुढच्या वळणावर काढून टाकलं.

घाट संपत आला आणि रस्त्यावर मेंढ्या आल्या. थांबावंच लागलं. कडेला कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, विकणाऱ्या सोनुन अपांची यूर्त होती. म्हातारी बाहेर येऊन चाकांकडे बघत राहिली.

"पोरा, चाकांवर भाकरी भाजायचीय का तुला? धूर येतोय."

"घाई आहे, अपा. मुलगी झालीय मला."

"मग ती काय उद्या सासरी निघालीय? उतर खाली. कुमिस पी, चाकं निवू दे."

"मागून साडू येतोय."

"मग तर बसच. साडूच्या आधी पोचून कुणाचं भलं झालंय?"

पुढे केलेलं कुमिस नाकारू नये, म्हणून कुबातने वाडगा खिडकीतूनच घेतला आणि एका दमात रिकामा केला. आंबट घोट नाकात गेला. वर पाहिलं, तर दोन वळणं मागे हिरवी जीप कण्हत, कुथत, पहिल्या गिअरमध्ये उतरत होती. या वेळी ते झुडूप नव्हतं. मेंढ्या सरल्या होत्या. "देव तुझं भलं करो," म्हातारी म्हणाली, "तू काही करायचा नाहीस."

डांबरी रस्ता सोडून कुरणाची वाट लागली. एक टेकाड चढलं की पलीकडे सरळ खाली ओढ्यापर्यंत गवताचा उतार. त्या उतारावर इदिरिस आकेंच्या यूर्ती, त्यांच्या खाली दोराला ओळीने बांधलेली शिंगरं, आणि चुलीचा निळा धूर. टेकाडावर आल्यावर कुबातला ते सगळं दिसलं. दोन वर्षं त्याने हे पाहिलं नव्हतं. गाडी उताराला लागली. त्याने ब्रेक दाबला.

पॅडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि तळाशी जाऊन बसलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हातब्रेक ओढला. त्याची दांडी नुसतीच हातात वर आली. आतली तार कधी गंजून तुटली होती, देव जाणे. कुबात थांबल्यावर चाकाखाली दगड ठेवायचा. पण दगड ठेवायला आधी थांबावं लागतं.

खाली लोकांनी गाडी ओळखली. ती कुणी विसरलं नव्हतं. एक बाई पोरांना ओढत यूर्तमागे पळाली, दोघेजण शिंगरांच्या दोराकडे धावले, कुत्री आधी पुढे आली आणि मग त्यांनी विचार बदलला. इदिरिस आके खोगीर घातलेल्या घोड्यावर एका उडीत चढले. गाडी पहिल्या यूर्तजवळून सुटली तेव्हा ते उजव्या खिडकीला लागून भरधाव दौडत होते. त्यांची उंच पांढरी टोपी मागे कुठेतरी उडून पडली होती.

"सुयुंचू!" कुबात खिडकीतून ओरडला. "आके, सुयुंचू!"

"आधी थांब!"

"थांबता येत नाही!"

"पुन्हा?"

"मुलगी झाली, आके! तुम्हाला नात झाली!"

घोड्यावरच्या म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर असा काही झाला की कुबात रस्ता बघायचा विसरला. मग तो चेहरा पुन्हा कठोर झाला.

"बुरुल कशी आहे?"

"बरी आहे! मला ओरडत होती!"

"म्हणजे बरी आहे! पहिला टाक! पहिला गिअर!"

"यात पहिला नसतो, आके! आपोआप आहे ही!"

"अरे गाढवा, पहिला नसता तर ती जागची हलली कशी असती? पहिला सगळ्यांत असतो! शोध!"

कुबातने दांडीकडे पाहिलं. 'पुढे जा'च्या खाली ती दोन अक्षरं होती, जपानी बर्फासाठीची. दोन वर्षांत त्याने त्यांना हातही लावला नव्हता. समोर शिंगरांचा दोर दिसत होता. तीन शिंगरं सुटायची राहिली होती आणि कान टवकारून गाडीकडेच बघत होती. कुबातने डोळे मिटून दांडी खेचली, एक घर, मग आणखी एक, पार तळाला.

इंजिन शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळलं. गाडीने नाक जमिनीला टेकवलं. मिठाईचा खोका काचेवर आपटला आणि सगळ्या गाडीत गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस पडला. कुबातने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. दोराच्या शेवटच्या खुंटीजवळून, हातभर अंतर ठेवून गाडी गेली, मग चालत्या माणसाइतकी सावकाश झाली, आणि तशीच सावकाश ओढ्यात उतरून बंद पडली.

पाणी दाराच्या फटीतून आत आलं. कुबात उतरला, गुडघाभर पाण्यातून काठावर येऊन बसला. कुरणावरची सगळी माणसं जमली. इदिरिस आके घोड्यावरून उतरले. ते बाहीने डोळे पुसत राहिले. घोड्याच्या घामाने डोळे चुरचुरतात, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं.

"नाक कुणाचं आहे?"

"तुमचं म्हणते बुरुल."

"बिचारी पोर." मग ते ताठ उभे राहिले. "बातमी तू आणलीस. रीत ती रीत. माग काय मागायचं ते."

वाक्य तयार होतं. घाटभर घोकलेलं, घासूनपुसून चकचकीत केलेलं. कुबातने तोंड उघडलं. समोर गवतावर त्याच्या चाकांचे दोन काळे पट्टे गेले होते. त्यातला एक शेवटच्या खुंटीला जवळजवळ शिवला होता, आणि खुंटीला बांधलेल्या शिंगराचे पाय अजून लटपटत होते. ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाकडे माफी मागायची म्हणजे त्याचा हात पिरगाळून तो आपल्या डोक्यावर आशीर्वादाला ठेवून घेण्यासारखं होतं. आणि तीही आज, हे असं करून झाल्यावर. कुबातला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आके," तो म्हणाला, "मला घरी सोडा."

"काय?"

"मी नाही चालवणार. मला घरी नेऊन सोडा. एवढंच मागायचंय."

कुणीतरी हसलं. इदिरिस आके हसले नाहीत. "बुरुलने हे मागायला पाठवलं तुला?"

"नाही. तिने माफी मागायला पाठवलं होतं." कुबात पाण्याने भरलेल्या बुटांकडे बघत बोलला. "पण ती अशी मागितली तर तुम्हाला द्यावीच लागेल. द्यावीशी वाटेल तेव्हा द्या, नाही वाटली तर नका देऊ. पोरीचं नाव तुम्ही आल्याशिवाय ठेवायचं नाही, असं मात्र बुरुल म्हणते. ती तुमची वाट बघत खिडकीत उभी असेल. म्हणून म्हटलं, मला सोडायला म्हणून तरी चला."

तेवढ्यात टेकाडावरून हिरवी जीप कण्हत खाली आली, यूर्तीपासून योग्य अंतरावर उभी राहिली, आणि एर्मेकने उतरण्याआधी हातब्रेक ओढल्याचा कर्र असा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याने ओढ्यातली गाडी पाहिली, साडूचे भिजलेले पाय पाहिले आणि धापा टाकत जवळ आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"माफी मिळाली?"

"मागितली नाही."

एर्मेकच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मग शिंगरू मागितलंस?"

आता इदिरिस आके हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग गुडघ्यांवर हात टेकून. हसताना ते मध्येच रडतही होते, आणि आता घोड्याच्या घामाचं नावही त्यांनी काढलं नाही. कुणीतरी त्यांची टोपी आणून दिली. ती झटकून डोक्यावर ठेवत ते जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"माफी मागितली असतीस तर दिली असती," ते कुबातला म्हणाले, "आणि जन्मभर मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या असत्या. त्यापेक्षा आता तोंडावर घालीन. बस मागे."

कुबात मागे बसला. जीप टेकाड चढून रस्त्याला लागली तेव्हा इदिरिस आकेंनी सुरुवात केली. ते घोडीपासून सुरू झाले. ती कशी चालायची, कशी हाकेला यायची, दुधाची धार कशी होती. मग ते कुबातच्या डोळ्यांवर आले, त्याच्या पायांवर, त्याला गाडी विकणाऱ्यावर, लायसन देणाऱ्यावर, आणि पोरीला असला नवरा बघून देणाऱ्या माणसावर. तो माणूस ते स्वतःच होते, पण त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. दोन वर्षांचं साठलेलं होतं. कुबात ओले बूट मांडीवर घेऊन सगळं ऐकत होता आणि मध्ये मध्ये "खरंय, आके" म्हणत होता. इतकं हलकं त्याला कुठल्याच उतारावर वाटलं नव्हतं.

बोगदा गेला, पलीकडची वळणं सुरू झाली. आके अजून लग्नाच्या दिवसापर्यंतच पोचले होते. एर्मेक नेहमीसारखा पहिल्या गिअरमध्ये, हातगाडी ओढावी तशी जीप उतरवत होता. कुबातने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "जरा हळू घे."